पोटात ठेव गं

काही इंग्रजी शब्दांचा अर्थ वाचताना कळतो, पण मराठीत सांगायला गेलं की तो एका शब्दात मावत नाही. ‘कन्फाइड’ हा त्यातलाच एक. कादंबरीत नायिका आपल्या मैत्रिणीजवळ ‘कन्फाइड’ करते. कोश उघडला तर ‘विश्वासाने गुपित सांगणे’ असं लिहिलेलं असतं. आपण बोलताना म्हणू, मन मोकळं केलं. पण मन मोकळं काय, रेल्वेत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईजवळही होतं. तिचं स्टेशन आलं की ती उतरते आणि आपली गोष्टही तिच्याबरोबर जाते. ‘कन्फाइड’ करायला मात्र आपलं माणूस लागतं, उद्या परवा पुन्हा समोर येणारं.

शब्दाच्या मुळाशी गेलं की याचं कारण सापडतं. लॅटिनमध्ये ‘फीडेस’ म्हणजे विश्वास, दिलेल्या शब्दाला जागणं. रोमन लोकांनी या फीडेसला देवीच मानलं होतं. रोमच्या कॅपिटोल टेकडीवर तिचं देऊळ होतं आणि परराज्यांशी झालेले तह तिच्या साक्षीनं तिथं लावून ठेवत. तिचे पुजारी उजवा हात बोटांपर्यंत पांढऱ्या वस्त्रात गुंडाळून पूजा करत, कारण वचन उजव्या हाताने द्यायचं आणि तो हात स्वच्छ राहायला हवा. या ‘फीडेस’पासून ‘कन्फाइड’ आला. त्याचं गोत मोठं आहे. लग्न ठरलेली ‘फियान्से’ त्यातलीच, एकनिष्ठपणा सांगणारी ‘फिडेलिटी’ही त्यातलीच आणि विश्वासघाताची ‘परफिडी’सुद्धा. कोर्टकचेरीमुळे आपल्या घराघरांत पोचलेलं ‘ॲफिडेव्हिट’ही याच घरातलं, त्याचा मूळ अर्थ ‘त्याने शपथपूर्वक भरवसा दिला’ असा आहे.

या सगळ्या गोतावळ्यात गुपित कुठंच नाही. आहे तो फक्त विश्वास. पंधराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ ‘भरवसा ठेवणे’ एवढाच होता. ‘विश्वासाने गुपित सांगणे’ हा अर्थ अठराव्या शतकात रूढ होत गेला. म्हणजे आधी तीनशे वर्षं विश्वास आणि मग त्याच्या ओटीत गुपित.

जुना अर्थ किती टिकून होता ते एका प्रसिद्ध लढाईत दिसतं. 21 ऑक्टोबर 1805. स्पेनच्या किनाऱ्याजवळ ट्रफाल्गारच्या समुद्रात इंग्रजांची 27 मोठी लढाऊ जहाजं, समोर फ्रान्स आणि स्पेनची मिळून 33. लढाई तोंडावर आली असताना ॲडमिरल नेल्सनने सगळ्या आरमाराला एक संदेश द्यायचं ठरवलं. त्याच्या मनातलं वाक्य होतं, ‘प्रत्येक माणूस आपलं कर्तव्य करील असा नेल्सनचा भरवसा आहे.’ यात ‘भरवसा आहे’ साठी शब्द होता ‘कन्फाइड्स’. कुणीतरी सुचवलं की नेल्सनच्या जागी ‘इंग्लंड’ म्हणावं, ते त्याला पटलं. मग निशाणांचं काम बघणारा लेफ्टनंट पास्को म्हणाला की ‘कन्फाइड्स’ हा शब्द आपल्या संकेतकोशात नाही, एकेक अक्षराचं निशाण वर चढवावं लागेल. ‘एक्स्पेक्ट्स’ला मात्र एकच खूण पुरते. वेळ नव्हता. नेल्सनने होकार दिला आणि ‘इंग्लंडची अपेक्षा आहे’ असं ते वाक्य इतिहासात गेलं. त्याच दिवशी, लढाई जिंकत असताना, नेल्सन गोळी लागून मेला.

घाईत झालेल्या या बदलात किती फरक पडला बघा. अपेक्षा ही वरून खाली येते, मालकाकडून नोकराकडे, सासूकडून सुनेकडे. भरवसा बरोबरीच्या माणसावर ठेवतात. नेल्सनला भरवसा म्हणायचं होतं, निशाणांच्या सोयीसाठी अपेक्षा झाली. आज कॉलेजातल्या मुलीला मूळचं वाक्य वाचायला दिलं तर तिला वाटेल, इंग्लंड देश आपल्या खलाशांच्या कानात काही गुपित सांगतोय!

जिच्यावर विश्वास टाकायचा त्या व्यक्तीलाही इंग्रजीत नाव आहे, ‘कॉन्फिडान्ट’. आत्मविश्वास असलेला तो ‘कॉन्फिडंट’, आणि हा त्याचा सख्खा भाऊ. इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोघांत एकाच अक्षराचा फरक आहे, त्यामुळे भल्याभल्यांची गफलत होते. ही व्यक्ती स्त्री असली तर फ्रेंच पद्धतीने शेवटी आणखी एक अक्षर लागतं. फ्रेंच नाटकांत नायिकेबरोबर अशी एक बाई हवीच असे, दाई नाहीतर दासी. राणी रंगमंचावर एकटीच किती बोलणार? तिच्या मनातलं प्रेक्षकांना कळावं म्हणून ती या बाईला सांगायची. शेरिडनने 1779 च्या ‘द क्रिटिक’ या नाटकात याची मस्त थट्टा केली आहे. त्यात नायिकेला वेड लागतं तेव्हा ती पांढऱ्या साटिनमध्ये येते आणि तिची सखीही, सखी म्हणून, वेडी होऊन येते, पण साध्या पांढऱ्या लिननमध्ये. वेड लागलं तरी पायरी सोडायची नाही.

थट्टा बाजूला ठेवली तर या सख्यांच्या हातात केवढी ताकद असते हे रासीनच्या ‘फेद्र’ या 1677 च्या नाटकात दिसतं. राणी फेद्रच्या मनात सावत्र मुलाविषयी प्रेम आहे. लाजेने ती मरायला टेकलेली असते. तिला वाढवलेली दाई ईनोन खोदून खोदून ते तिच्याकडून काढून घेते. पुढे राजा परत आल्यावर राणीला वाचवण्यासाठी हीच दाई उलटा आळ त्या निरपराध मुलावर घेते. दाईची माया खोटी नव्हती. पण राणीने विश्वासाने दिलेली गोष्ट तिने हत्यार म्हणून वापरली, आणि त्यात ती स्वतः, तो मुलगा, राणी, तिघंही गेली.

आपल्याकडे हीच जागा सखीची. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली ‘शाकुंतल’ मराठी रंगभूमीवर आणलं, त्यामुळे अनसूया आणि प्रियंवदा आपल्या आज्यांनाही माहीत होत्या. शकुंतला झुरत असते तेव्हा या दोघी तिला बोलतं करतात, कारण दुःख जिवाभावाच्या माणसांत वाटलं की सोसवतं. ‘कन्फाइड’चा याहून चांगला प्रसंग मला सापडत नाही. पण त्याच दोघी पुढे दुर्वासांचा शाप तिच्यापासून लपवतात. ती नाजूक, तिला धक्का नको म्हणून आपल्यातच ठेवतात. अंगठी हरवली तर राजा ओळखणार नाही, हे त्या तिला धड सांगत नाहीत. निरोप देताना, राजाने ओळखलं नाही तर अंगठी दाखव, एवढंच मोघम बोलतात. अंगठी पाण्यात पडते आणि भर दरबारात तिची शोभा होते. दाईने नको ते बोलून घात केला, सख्यांनी हवं ते न बोलून.

नाटकातलं सोडून खऱ्या राजवाड्यात जाऊ. इंग्लंडची राणी ॲन आणि सारा चर्चिल या दोघींची गोष्ट मला या शब्दाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी वाटते. ‘द फेव्हरिट’ या 2018 च्या सिनेमामुळे ती पुष्कळांनी पाहिली असेल, पण सिनेमात नसलेलंच जास्त महत्त्वाचं आहे.

ॲन राजघराण्यातली, 1665 ची. सारा तिच्याहून पाच वर्षांनी मोठी, दिसायला सुंदर, बोलायला धारदार. ॲनच्या सावत्र आईच्या सेवेत ती लहान वयात दरबारात आली. ॲन लाजरी, प्रकृतीने अशक्त, चारचौघांत गप्प राहणारी. 1683 साली ॲनचं लग्न झालं आणि सारा तिच्या खास सेवेत रुजू झाली. पत्रं लिहिताना ‘युवराज्ञी’, ‘आपली आज्ञाधारक’ असले मायने ॲनला नको होते. म्हणून दोघींनी साधी नावं घेतली, ॲन झाली मिसेस मॉर्ले आणि सारा मिसेस फ्रीमन. मला हे वाचून फार वाटलं. राजघराण्यातल्या बाईलाही बोलायला बरोबरीचं माणूस हवं असतं, आणि ते मिळावं म्हणून ती स्वतः दोन पायऱ्या खाली उतरते.

या पत्रांत काय नव्हतं? ॲनला सतरा वेळा दिवस गेले. त्यातला एकच मुलगा जरा मोठा झाला आणि तोही 1700 साली अकराव्या वर्षी गेला. अशा बाईने एका मैत्रिणीला मनातलं किती आणि काय लिहिलं असेल! 1692 मध्ये बहिणीने, म्हणजे राणी मेरीने, साराला काढून टाक असं सांगितलं, तेव्हा ॲनने बहिणीशी संबंध तोडले, राहता वाडा सोडला, पण साराला सोडलं नाही. 1702 साली ॲन राणी झाली तेव्हा खाजगी खजिन्यापासून पोशाखखान्यापर्यंतच्या किल्ल्या साराच्या कमरेला आल्या.

मग बिघडलं. साराचं राजकारण एका पक्षाचं आणि राणीचा कल दुसऱ्याकडे. सारा वाद घाली, पत्रांतून सुनावत राही, राणीच्या चुका राणीलाच मोजून दाखवी. तेवढ्यात साराच्याच नात्यातली अबिगेल हिल, जिला तिनेच गरिबीतून वर काढून दरबारात आणलं होतं, ती राणीच्या शेजारी बसू लागली. अबिगेल कमी बोलायची आणि जास्त ऐकायची. 1710 च्या एप्रिलमध्ये केन्सिंग्टनच्या वाड्यात सारा राणीला शेवटची भेटली. ती रडली, तिने खुलासे मागितले. राणीचं एकच, काय असेल ते लिहून द्या. जिच्याशी बोलता यावं म्हणून जिने एकदा आपलं नाव बदललं होतं, तिनेच आता तोंडी बोलणं बंद केलं होतं. 1711 च्या जानेवारीत साराकडच्या सोन्याच्या किल्ल्या परत गेल्या.

पण पत्रं साराकडेच होती. मानाची पदं जाणार असं दिसल्यावर तिने ती छापण्याची धमकी दिली होती. राणीने आपली पत्रं परत मागितली, ती तिने दिली नाहीत. 1714 मध्ये राणी वारली. 1742 साली, ऐंशी ओलांडल्यावर, साराने आपल्या दरबारी कारकिर्दीची हकीकत छापली आणि त्यात ती पत्रं वापरली. मिसेस मॉर्लेने मिसेस फ्रीमनला जे लिहिलं होतं ते दुकानात विकायला आलं. आज आपल्याला राणी ॲन हट्टी, मंद, दुसऱ्याच्या तंत्राने चालणारी अशी जी वाटते, त्यात साराच्या लेखणीचा मोठा वाटा आहे. अलीकडच्या इतिहासकारांनी ते चित्र बरंच बदललं, पण दोनशे वर्षं ते चाललं. मैत्रिणीने राखून ठेवलेल्या पत्रांतूनच राणीची बदनामी झाली.

साराचीही एक बाजू आहे. तिने खूप केलं होतं आणि तिला वाईट तऱ्हेने बाजूला सारलं गेलं. पण आपल्यावर अन्याय झाला म्हणून दुसऱ्याची ठेव आपली होते का? सावकाराचं आणि गिऱ्हाइकाचं भांडण झालं म्हणून सावकाराने गहाणाचे दागिने विकले तर आपण त्याला काय म्हणू?

ठेव हा शब्द मी मुद्दाम वापरला. 1849 साली दोन ठिकाणी दोन खटल्यांत या शब्दाचीच परीक्षा झाली. न्यूयॉर्कमध्ये विल्यम थॉम्पसन नावाच्या इसमाला पकडलं. तो चांगले कपडे घालून रस्त्यात अनोळखी माणसाशी जुनी ओळख असल्यासारखा बोलायचा आणि विचारायचा, माझ्यावर एवढा विश्वास आहे का की उद्यापर्यंत तुमचं घड्याळ माझ्याकडे ठेवाल? लोक देत आणि तो जाई. वर्तमानपत्रांनी त्याला ‘कॉन्फिडन्स मॅन’ म्हटलं. त्याचंच पुढे ‘कॉन’ झालं. बँकेतून बोलतोय म्हणून आपला ओटीपी विचारणारा आजचा भामटा याच थॉम्पसनच्या घराण्यातला.

त्याच वर्षी लंडनच्या न्यायालयात राणी व्हिक्टोरियाच्या पतीने, प्रिन्स अल्बर्टने, लावलेल्या दाव्याचा निकाल लागला. राणीने आणि त्याने घरच्यांची, मुलांची चित्रं हौसेने धातूच्या पत्र्यावर कोरली होती. ती घरच्यांपुरती. पत्रे छापायला विंडसरच्या एका छापखान्यात दिले होते. तिथल्या कामगाराने गुपचूप जादा प्रती काढल्या आणि त्या फिरत फिरत स्ट्रेंज नावाच्या प्रकाशकाकडे गेल्या. तो प्रदर्शन भरवणार होता, यादीही छापली होती. न्यायालयाने प्रदर्शन थांबवलं आणि यादीसुद्धा. विश्वासाने दिलेली वस्तू विश्वास मोडून बाहेर आली असेल तर ज्याच्या हाती पडली त्यालाही ती वापरायचा हक्क नाही, असा त्या निकालाचा आशय. कुणी आपला फोटो ‘तुलाच पाठवते गं’ म्हणून पाठवते आणि आपण तो दुसऱ्या ग्रुपवर टाकतो, तेव्हा आपण त्या छापखान्यातल्या कामगाराचंच काम करतो.

हा विचार काही फक्त साहेबाचा नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. पर्युषणात आपण ते दरवर्षी ऐकतो आणि पुढे जातो. त्यात ‘रहोभ्याख्यान’ आहे, म्हणजे एकांतातली गोष्ट उघड करणं. ‘साकारमंत्रभेद’ आहे, म्हणजे कुणाच्या हावभावावरून त्याच्या मनातलं ओळखून ते फोडणं. आणि या दोन्हींच्याच ओळीत ‘न्यासापहार’ आहे, म्हणजे दुसऱ्याने ठेवायला दिलेली ठेव लाटणं. लहानपणी मला वाटे, दागिने लाटणं आणि गोष्ट फोडणं यांचा काय संबंध? आणि गोष्ट तर खरीच असते, मग सत्यव्रताला डाग कसा? साराची हकीकत वाचल्यावर त्या ओळीची संगती लागली. खरी असली तरी ती गोष्ट आपली नसते, आपल्याकडे ठेवायला दिलेली असते.

आपली भाषाही हेच सांगते. आपण मैत्रिणीला ‘पोटात ठेव गं’ म्हणतो. दोघांतली गोष्ट तिसऱ्याच्या कानावर गेली की ती ‘षट्कर्णी’ झाली, म्हणजे चार कानांपर्यंत ती सुरक्षित आणि सहाव्या कानाला गावभर. आमच्या बेळगावकडे शेजारणी गुपिताला कानडीत ‘गुट्टु’ म्हणतात आणि विश्वासाला ‘नंबिके’. पण मला सगळ्यांत आवडतो तो ‘हितगुज’. गूज म्हणजे गुह्य, गुपित, आणि त्याच्या आधी जोडलेलं आहे ‘हित’. इंग्रजी शब्दात विश्वास आहे. आपल्या शब्दाने त्यापुढे जाऊन विचारलं आहे, हित कुणाचं? ते सांगणारीचं असायला हवं, ऐकणारीचं नव्हे आणि घराच्या नावाचंही नव्हे.

हा प्रश्न मी उगाच ताणत नाही. आपल्या घरांत ‘पोटात ठेव’ हे दोन तऱ्हांनी बोललं जातं. नवी सून जावेजवळ बसून सांगते, मला इथलं अमुक सोसत नाही, माहेरची आठवण येते. ते सासूच्या कानावर जाता कामा नये. ती ठेव आहे. आणि दुसऱ्या घरात सून हातावरचे वळ दाखवते आणि तिलाच सांगितलं जातं, पोटात ठेव, बाहेर कळलं तर नाक जाईल. तोंडचे शब्द तेच असले तरी पहिल्या घरात ते तिला जपतात आणि दुसऱ्या घरात तिला मारणाऱ्याला. ही दुसरी ठेव नव्हे, हे शकुंतलेच्या सख्यांसारखं झाकणं आहे आणि त्याचा भार तिच्यावरच पडतो.

कायद्यालासुद्धा हा फरक कळला होता. 1872 च्या भारतीय साक्ष कायद्याच्या 122 व्या कलमाने नवराबायकोंत झालेलं बोलणं संरक्षित केलं. ते उघड करायची सक्ती कुणी करू शकत नाही आणि सांगणाऱ्याच्या संमतीशिवाय सांगायची परवानगीही नाही. पण दोघांचाच आपसात दावा असेल किंवा एकाने दुसऱ्यावर गुन्हा केल्याचा खटला असेल, तर हे संरक्षण उठतं. दीडशे वर्षांपूर्वीच्या साहेबी कायद्यालाही ठाऊक होतं की विश्वासाचं पांघरूण मारणाऱ्याने ओढून घ्यायचं नसतं.

म्हणून पुढच्या वेळी कुणी आपल्याजवळ बसून आवाज खाली करून ‘एक सांगू का’ म्हणाली, तर मला वाटतं आपण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. एक, तिने आपल्याला फक्त बातमी दिलेली नाही, स्वतःच्या आयुष्यातलं काहीतरी आपल्याकडे ठेवायला दिलं आहे. उद्या आपलं तिच्याशी वाजलं तरी ते तिचंच. आणि दोन, ती संकटात असेल तर नुसतं पोटात ठेवून आपलं काम संपत नाही. तिला विचारून, तिच्याबरोबर उभं राहून, जिथं बोलायला हवं तिथं तिचा आवाज व्हायला लागतं. हे दोन्ही जिला जमतं तिला इंग्रजीत ‘कॉन्फिडान्ट’ म्हणत असतील. आपण तिला जिवाची मैत्रीण म्हणतो.